नाकतोड्याचा सहावा पाय कुणासाठी?

गळावर नाकतोडा बांधताना सगळ्यात जास्त वेळ मोडतो तो मागच्या दोन पायांत. फेझंटच्या शेपटीतले पाच-सहा तंतू एकत्र धरायचे, मधोमध सैल गाठ मारायची आणि सुईच्या टोकानं ती हळूहळू आवळत आणायची. गाठ बसली की पाय गुडघ्यात वाकतो. मग तसाच दुसरा, पहिल्याच्या मापाचा. अंगाला पिवळसर फोम, पाठीवर पंख म्हणून टर्कीच्या पिसाचा कातरलेला तुकडा, आणि हे सगळं गळाच्या दांडीवर मेण लावलेल्या दोऱ्यानं करकचून बांधलेलं. मासे धरायला एवढं पुरतं. पण या कलेतले पट्टीचे लोक इथं थांबत नाहीत. तापवलेल्या चिमट्यानं नायलॉनचा धागा वाकवून ते सहाही पायांना सांधे काढतात, धाग्याचं टोक वितळवून डोळ्यांचे मणी करतात, अंगावर पारदर्शक रेझिनचा हात देऊन अतिनील दिव्याखाली तो कडक करतात. असा एकेक किडा बांधायला कित्येक तास जातात. भिंतीवर ठेवला तर पाल झडप घालील, इतका तो हुबेहूब दिसतो. मासा झडप घालतो का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

हा सगळा खटाटोप फ्लाय फिशिंगसाठी. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं आणि त्या वजनामागं दोरा जातो. इथं उलटा हिशेब. पिसांच्या किड्याला वजनच नसल्यानं दोरी जाड आणि जड ठेवतात. काठीच्या झोक्यानं ती हवेत उलगडते आणि टोकाचा किडा पाण्यावर अलगद उतरतो. काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउट मासा आला तेव्हापासून, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, हा छंद भारतात आहे. महाराष्ट्रात त्याचे शौकीन थोडेच. पवईच्या तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारखी जुनी संस्था आहे, पण तिथलाही भर आमिषाच्या गळावरच. आता मोबाइलवर व्हिडिओ पाहून गावोगावची पोरं काठी-रीळ घेऊ लागली आहेत. पिसांच्या किड्यापर्यंत ती आज ना उद्या पोचणारच.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात ट्राउट नाही, थंड पाण्याचे ओढे नाहीत, पाऊसही बेताचाच. पण एका अंगाला सीना आहे, दुसऱ्या अंगाला भीमा. सिद्धटेकच्या गणपतीला वळसा घालून भीमा पुढं सरकते आणि खेडच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यात संथ होत जाते. इतकं पाणी आणि इतके मासे असलेल्या तालुक्यात नकली किडे बांधायची कला आली तर स्वागतच आहे. मात्र ती काचेच्या कपाटातल्या शोभेसाठी येऊ नये. नदीत कोणते किडे आहेत हे ओळखायला आणि त्यातला एखादा दिसेनासा झाला तर ते सगळ्यांच्या आधी कळायला तिचा उपयोग व्हावा.

आधी हुबेहूबपणाचं पाहू. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग दिसतं ते डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळं ही खिडकी सुमारे ९७ अंशांची होते. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशाचं काम करतो आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब पडतं. प्रवाहाबरोबर वाहत येणारा किडा आधी या आरशावरून येतो. तेव्हा त्याचं अंग माशाला दिसतच नाही. दिसतात ते त्याच्या पायांनी पाण्याच्या पापुद्र्यावर पाडलेले खळगे, म्हणजे प्रकाशाचे चार-सहा ठिपके. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट मारिनारो यांनी १९५० साली आपल्या पुस्तकात ही बाजू लावून धरली. इंग्लंडमध्ये ब्रायन क्लार्क आणि जॉन गोडार्ड यांनी १९८० च्या पुस्तकात पाण्याखालून छायाचित्रं काढून ती दाखवून दिली. किड्याच्या डोळ्याचा मणी काळा की तपकिरी, हे ठरवायला ट्राउटला फुरसत नसते. आकार, ठेवण, हालचाल आणि पाण्यावर पडलेला ठसा एवढ्यावर तो निकाल देतो.

याचं सगळ्यात चोख उदाहरण फ्रँक सॉयर यांचं. इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर ते राखणदार होते. मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या पोहताना पाय अंगाशी घट्ट दुमडून घेतात, हे त्यांनी नदीकाठी बसून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी जी नकली अळी बांधली तिला पायच दिले नाहीत. फेझंटच्या शेपटीचे चार तंतू आणि केसासारखी बारीक तांब्याची तार, बस्स. दोराही नाही. तारेनंच बांधायचं, तारेनंच वजन द्यायचं आणि तारेनंच अळीचा फुगीर खांदा उभा करायचा. १९५८ साली त्यांचं पुस्तक आलं. ही बिनपायांची अळी आजही जगभरच्या पेट्यांमध्ये असते. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर टेंकारा पद्धतीनं मासे धरणारे तर याहून पुढं जातात. अनेक जण वर्षभर एकाच तऱ्हेचा किडा वापरतात. तो कोणत्याच किड्यासारखा दिसत नाही, पण पाण्यात त्याची पिसं अशी उघडमीट करतात की मासा फसतो.

तेव्हा नाकतोड्याचा सहावा पाय माशासाठी नाही, तो बघणाऱ्या माणसासाठी आहे. कारागिरी म्हणून त्याला दाद द्यावी, बक्षीस द्यावं, पण ती शिकवण्याची सुरुवात तिथून करू नये. सॉयर यांनी पाय का वगळले हे ज्याला कळलं, त्याला नदी कळली. सहा पाय चिकटवणाऱ्याला फक्त चित्र समोर ठेवूनही ते साधतं.

दुसरा धडा अमेरिकेचा. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली पाण्यावर तरंगणारे किडे कसे बांधावेत याचं पुस्तक काढलं आणि तिथल्या नद्यांवरच्या एकेका किड्याची नक्कल पक्की केली. न्यूयॉर्क राज्यातल्या थिओडोर गॉर्डन यांनी त्यांना पत्र लिहिलं, तेव्हा १८९० मध्ये हॅलफर्ड यांनी आपल्या किड्यांचा संचच पाठवून दिला. किडे सुबक होते, पण ते इंग्लंडचे होते. कॅट्सकिल डोंगरातल्या ओढ्यांवर उडणारे किडे रंगानं, मापानं निराळे. गॉर्डन यांनी तो संच समोर ठेवून तंत्र उचललं आणि किडे मात्र आपल्या ओढ्याचे बांधले. अमेरिकेतली स्वतंत्र परंपरा तिथून सुरू झाली.

कर्जतला आज हीच वाट आहे. ऑनलाइन मागवलेल्या डबीत येतात ते परदेशी ओढ्यांचे किडे, परदेशी नावांचे. भीमेशी त्यांचा काही संबंध नाही असं नाही, पण भीमेचं पंचांग वेगळं आहे. मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून वाळवीची पंखवाली पाखरं उठतात. गावात ती विजेच्या खांबाखाली सडा घालतात, तशीच कालव्यात आणि नदीतही पडतात, आणि मासे वर येऊन ती टिपतात. हा किडा बांधायचा तर नजर पंखांकडं हवी: चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंगापेक्षा लांब, पाण्यात पडल्यावर ते आडवे पसरतात. पावसाळा सरताना काठच्या गवतात नाकतोडे माजतात आणि वाऱ्यानं पाण्यात पडतात. चतुर आणि टाचणी तर लहानपणापासून सगळ्यांच्या ओळखीचे. बसल्यावर चतुराचे पंख आडवे राहतात, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटते. पण त्यांची पिल्लं महिनोन् महिने पाण्यात वाढतात, हे किती जणांनी पाहिलंय? टाचणीच्या पिल्लाला शेपटीशी पानांसारखे तीन कल्ले असतात. चतुराचं पिल्लू आखूड, दांडगं असतं आणि मागून पाण्याची चिळकांडी मारून पुढं झेपावतं. ही दोन पिल्लं बांधायला बसलेल्या पोराला दोन्हींतला फरक वेगळा पाठ करावा लागणार नाही.

माशांची बाजूही इथली आहे. उजनीत आज चिलापीचं राज्य आहे. तिलापिया कुळातला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मुळात तो शेवाळ खाणारा, पण पाण्यातल्या अळ्याही टिपतो. मरळ पृष्ठभागावरच्या हालचालीवर तुटून पडतो. दांडवणासारखे बोटभर मासे वरच्या थरातच किडे वेचत फिरतात. आणि ज्या माशासाठी जगभरचे गळवाले भारतात येतात, त्या दख्खनच्या महासीरला शास्त्रीय नाव मिळालं ते भीमेच्याच खोऱ्यात. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी राहिलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा पाहून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. दख्खनच्या माशांची यादी करताना साइक्स यांनी इथल्या लोकांनी सांगितलेली नावंच पुष्कळदा शास्त्रीय नावांत वापरली. माशांच्या बाबतीत जे पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी झालं, ते नदीतल्या किड्यांच्या बाबतीत लोकांच्या पातळीवर अजून झालेलं नाही.

पिसांबद्दल मात्र आधीच ताकीद दिलेली बरी. या छंदाचा इतिहास पक्ष्यांच्या रक्तानं माखलेला आहे आणि त्याचा एक धागा थेट भीमेच्या उगमाशी जातो. भीमाशंकरच्या रानात राखी रानकोंबडा राहतो. नराच्या मानेवरच्या पिसांना लाखेचा थेंब पडावा तसे पिवळे-पांढरे चकचकीत ठिपके असतात. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या रंगीत फ्लायवर डोळा म्हणून इंग्रजांना हेच पीस हवं असायचं, आणि त्यासाठी भारतातून या कोंबड्यांच्या माना परदेशी जात. १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारनं रानपाखरांच्या कातड्या आणि पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आज या पक्ष्याला संरक्षण आहे. मोराच्या पिसातला हिरवा तंतूही फ्लाय बांधणाऱ्यांचा आवडता. आपोआप गळलेलं मोरपीस देशात बाळगता येतं, पण त्याची निर्यात बंद आहे. मोह कुठवर नेतो हे २००९ च्या जूनमध्ये दिसलं. लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका अमेरिकी तरुणानं ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या पक्षी विभागाची खिडकी फोडून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी पळवली. व्हिक्टोरियन काळच्या सामन फ्लायसाठी लागणारी दुर्मीळ पिसं मिळवायची आणि विकायची, हे कारण. चोरीत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले नमुनेही होते.

कर्जतला यातलं काहीच लागणार नाही. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं, बदकाचं पीस, शेळीचे केस आणि शिंप्याकडचा दोरा यांत बहुतेक सगळे किडे बसतात. सॉयर यांच्या अळीला लागणारी तांब्याची बारीक तार शेतीपंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या कोणत्याही दुकानात तुकड्यांच्या ढिगात पडलेली असते. वर्कशॉपमध्ये असतो त्याचाच लहान भाऊ शोभेल असा व्हाइस, कात्री आणि बारीक गळ एवढाच काय तो खर्च.

आता मूळ मुद्दा. इंग्लंडमधल्या ज्या नद्यांवर हुबेहूब किड्यांचं हे वेड वाढलं, तिथल्याच गळवाल्यांनी २००७ पासून नदीतल्या किड्यांची नियमित मोजणी देशभर सुरू केली. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी पाण्यात उभं राहायचं, पायानं तळ ढवळायचा, खाली जाळी धरायची आणि जाळीत आलेल्या मेफ्लाय वगैरेंच्या अळ्या ट्रेमध्ये ओतून मोजायच्या. आकडा ठरावीक पातळीखाली गेला की पर्यावरण खात्याला कळवायचं. जुलै २०१३ मध्ये केनेट नदीवर मोजणी करणाऱ्या स्वयंसेवकांना अळ्या मेलेल्या आढळल्या. पाणी दिसायला नितळ होतं. शोध घेतला तेव्हा क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक नदीत उतरल्याचं निघालं. सुमारे १५ किलोमीटरचा पट्टा किड्यांवाचून ओस पडला होता.

क्लोरपायरिफॉस हे नाव कर्जतच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उसातल्या वाळवीवर आणि हुमणीवर ते वर्षानुवर्षं वापरलं गेलंय. पंप धुतलेलं पाणी किंवा मोकळी बाटली ओढ्यात गेली, तर त्याचा पहिला फटका मासा खातो त्या अळीला बसतो, माशाचा नंबर नंतर लागतो. मेलेला मासा वर तरंगला की बातमी होते. मेलेल्या अळीची बातमी द्यायला ती ओळखणारा माणूस लागतो.

भीमेला तर वरूनच पुण्या-पिंपरीचं सांडपाणी येतं. साइक्स यांना जिथं महासीर मिळाला, तीच मुळा-मुठा आज ते भीमेत आणून ओतते, आणि पुढं ११७ टीएमसीच्या उजनीत ते साठतं. हिरवं पाणी, जलपर्णी आणि वास यावर काठच्या गावांनी पुष्कळ आंदोलनं पाहिली आहेत. किडे हेच अधिक अचूक सांगतात. मेफ्लायच्या बहुतेक अळ्यांना प्राणवायू भरपूर लागतो. घाण वाढली की त्या कमी होतात आणि गाळात लाल अळ्या वाढतात. ही काठावर ढगांसारख्या घोंगावणाऱ्या, न चावणाऱ्या चिलटांची पिल्लं. अंगात हिमोग्लोबिन असल्यानं ती लाल दिसतात आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तग धरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही तळाच्या या जिवांची पाहणी आहे. म्हणजे शास्त्र मान्य आहे, मोजणारे हात तेवढे नाहीत.

यावर कुणी म्हणेल, जाळं टाकून पोट भरणाऱ्या भोई समाजाला पिसांचा किडा काय कामाचा? काहीच कामाचा नाही, आणि तो त्यांनी बांधावा असं सांगण्याचा आगाऊपणा कुणी करू नये. उलट या कामात पहिले गुरू तेच. कोणत्या महिन्यात कुठल्या डोहात मासा वर येतो, त्याचं पोट चिरल्यावर आत काय निघतं, हे त्यांना रोजच्या धंद्यातून ठाऊक असतं. गळ टाकायचा असेल तर स्थानिक मच्छीमार संस्थेला विचारून, परवान्याच्या चौकटीत, काटा नसलेला गळ वापरून आणि विणीचा हंगाम सोडून. दुसरा आक्षेप असा, की किडे मोजायला ते बांधायची गरजच काय? गरज नाही. पण जाळीत आलेली अळी ट्रेमध्ये ओतून, आकडा लिहून विसरणं सोपं असतं. तीच अळी बारीक गळावर बांधायची झाली, की शेपट्या दोन की तीन, पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्यात की नाहीत, कल्ले पोटाच्या कुशीला कुठून सुरू होतात, हे पाहावंच लागतं. शाळेतली प्रयोगवही भरताना मुलं जे टाळतात, ते इथं टाळता येत नाही.

सुरुवात लहान हवी. रयत शिक्षण संस्थेच्या कर्जतच्या दादा पाटील महाविद्यालयानं आणि भीमाकाठच्या शाळांनी मिळून पाच किड्यांची एक पेटी करावी: पंख फुटलेली वाळवी, नाकतोडा, टाचणीचं पिल्लू, मेफ्लायची अळी आणि गाळातली लाल अळी. प्रत्येक किडा बांधण्याआधी खरा किडा पकडून पाहावा, तो कुठं, कोणत्या तारखेला, कशा पाण्यात सापडला हे लिहावं, आणि पाहून झालं की सोडून द्यावा. सिद्धटेक, खेड आणि सीना धरणाखालचा एखादा पट्टा, अशा तीन ठरलेल्या जागांवर पावसाळ्याआधी आणि नंतर मोजणी व्हावी. मेफ्लाय आणि लाल अळ्या यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले तर दोन-तीन वर्षांत कल दिसू लागेल. ही नोंदवही ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि तिची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहिल्यानगर जिल्हा पाहणाऱ्या कार्यालयाकडं जावी. मंडळानंही आपल्या पाणी-तपासणीचे त्याच महिन्यांचे आकडे शाळांना द्यावेत, म्हणजे दोन्ही नोंदी ताडून पाहता येतील.